गोल्फमधील दुखापती आणि फिजिओथेरपी

गोल्फ खेळताना स्नायू, कंडरा, सांधे आणि मणके यांना होणाऱ्या इजा टाळणे व बऱ्या करणे, हा क्रीडा फिजिओथेरपीचा (भौतिकोपचाराचा) एक भाग. या खेळात कुणी अंगावर येत नाही, धावावे लागत नाही, चेंडूही जागेवर पडून असतो. म्हणून तो निवांत समजला जातो. हा समज अर्धाच खरा आहे. वर नेलेला ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) खाली चेंडूपर्यंत यायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि तेवढ्यात घोट्यापासून मनगटापर्यंतचे बहुतेक सांधे एकापाठोपाठ कामाला लागतात. सरावाच्या दिवशी हीच हालचाल, त्याच दिशेने, शेकडो वेळा होते. त्यामुळे इथे अचानक झालेल्या इजेपेक्षा साचत गेलेल्या ताणाचे दुखणे जास्त. (पुढील वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्याचे आहे.)

सर्वाधिक तक्रार कंबरेची. बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे-वर नेताना) खांदे सुमारे ९० अंश वळतात, कटिभाग सुमारे ४५ अंश. उरलेले वळण पाठीच्या कण्यातून यावे लागते. कंबरेचे मणके पुढे-मागे चांगले वाकतात, पण वळतात जेमतेम १०-१५ अंश. वळण्याचे खरे काम खुब्याचे आणि छातीमागच्या मणक्यांचे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचे नेमके हेच दोन भाग आखडलेले असतात आणि ती तूट कंबर भरून काढते. भरीला, डाऊनस्विंगमध्ये (क्लब खाली आणताना) खेळाडू उजवीकडे झुकलेला असतानाच वेगाने डावीकडे वळतो. झुकणे आणि वळणे एकदमच घडल्याने उजव्या बाजूचे मणक्यांचे छोटे सांधे आणि गाद्या चेपल्या जातात. प्रयोगशाळेतल्या मोजणीत हा दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट आढळला आहे.

म्हणून जाणता फिजिओथेरपिस्ट दुखणारी कंबर नुसती शेकत बसत नाही. तो आधी खुबा तपासतो. रुग्णाला पालथे झोपवून गुडघा काटकोनात वाकवतात आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलू देतात. पाऊल जितके बाहेर जाईल तितका खुबा आत वळतो. डाव्या खुब्याचे हे वळण कमी असणे आणि कंबरदुखी यांचा संबंध व्यावसायिक गोल्फपटूंच्या पाहणीत दिसून आला आहे. मग स्टुलावर बसवून, छातीशी आडवी काठी धरायला लावून, वरची पाठ दोन्हीकडे किती वळते ते पाहतात. उपचारही त्याच वाटेने जातात: खुबा व वरची पाठ मोकळी करणे, नितंबाच्या आणि पोटाच्या खोल स्नायूंना बळ देणे, आणि प्रशिक्षकाला सोबत घेऊन स्विंगमध्ये बदल करणे. बॅकस्विंग थोडा आखूड केला किंवा त्या वेळी डावी टाच उचलू दिली, तरी पुष्कळ फरक पडतो. जुन्या पद्धतीच्या स्विंगमध्ये टाच उचलली जाई आणि कटिभागही मोकळेपणाने वळे. लांब फटक्याच्या हव्यासापायी आधुनिक स्विंगने कंबरेची ही सवलत काढून घेतली, असे म्हणायला हरकत नाही. कंबरदुखीबरोबर पायात बधिरता किंवा अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून तातडीने डॉक्टर गाठावा.

‘गोल्फर्स एल्बो’ म्हणून प्रसिद्ध असलेले दुखणे कोपराच्या आतल्या बाजूला होते. हौशी खेळाडूंत डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणेही वारंवार दिसते. घट्ट पकड, चेंडूआधी जमिनीला बसलेला फटका आणि खाली काँक्रीट असलेल्या चटईवरचा सराव ही नेहमीची कारणे. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण कंडरा सुधारते ती हळूहळू वाढवलेल्या भाराने. आतल्या बाजूच्या दुखण्यासाठी हात टेबलावर, तळवा वर, मनगट कडेबाहेर ठेवून हलके डंबेल धरतात. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर उचलायचे आणि मदत सोडून तीन-चार सेकंद घेत सावकाश खाली न्यायचे. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते; दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले असेल, तर वजन जास्त झाले असे समजावे.

मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला दुखत असेल, तर तिथल्या हॅमेट या छोट्या हाडाची शंका घ्यावी. क्लबच्या दांड्याचे टोक त्यावर दाबून हाडाच्या आकड्याला (हुकासारख्या उंचवट्याला) तडा जातो आणि साध्या एक्स-रेत तो बऱ्याचदा निसटतो. बरगडीचा बारीक तडाही असाच स्नायूचा लचका समजून चोळला जातो. गुडघ्याची झीज असलेल्यांनी डाव्या पायाचा चवडा थोडा बाहेर वळवून उभे राहिल्यास फटक्याच्या वेळी गुडघ्यावरचा भार कमी होतो.

अमेरिकी गोल्फपटू टायगर वूड्सने २००८ ची यू.एस. ओपन स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध निकामी झाला होता आणि नडगीच्या हाडाला तडे होते. २०१४ पासून त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया होत गेल्या. २०१७ मध्ये कंबरेचे खालचे मणके जोडावे लागले आणि २०१९ मध्ये त्याने मास्टर्स स्पर्धा जिंकली. हे उदाहरण उमेद देणारे आहे, पण अनुकरणीय नव्हे. दुखणे दाबून खेळण्याची किंमत सामान्य खेळाडूला परवडत नाही.

प्रतिबंधाचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पहिल्या टीपूर्वी (खेळातल्या पहिल्या फटक्याआधी) दहा मिनिटे अंग गरम करणे: भरभर चालणे, खुब्याची व पाठीची हलती वळणे, मग छोट्या क्लबने अर्धे स्विंग. गाडीतून उतरून थेट ड्रायव्हर हातात घेणारेच बहुधा क्लिनिकमध्ये भेटतात. दुखापतीनंतर मैदानावर परतण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी पटिंग (चेंडू जमिनीवरून खळग्यात ढकलणे), मग चिपिंग (जवळून मारलेला हलका, उचलता फटका), नंतर छोटे आयर्न (धातूच्या पात्याचे क्लब), मोठे आयर्न आणि सर्वांत शेवटी ड्रायव्हर. सुरुवातीला एक दिवसाआड, मोजके चेंडू. दुखले तर मागच्या पायरीवर यायचे. नऊ होल (अर्धा डाव) त्रास न होता पार पडले, की मगच अठरा.