सीनियर ऑनर सोसायटी

अमेरिकेतील महाविद्यालयांत पदवीच्या चौथ्या वर्षाच्या निवडक विद्यार्थ्यांची मानाची संस्था. निवड बहुधा तिसऱ्या वर्षी होते, काम चौथ्या वर्षी. तिकडे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘ज्युनियर’ आणि चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘सीनियर’ म्हणतात. आपल्या अकरावी-बारावीच्या ज्युनियर कॉलेजशी त्याचा संबंध नाही.

विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ५ डिसेंबर १७७६ रोजी निघालेली फाय बीटा कॅपा ही तिथल्या मानाच्या विद्यार्थी संस्थांतली सर्वांत जुनी. तिचा भर विद्वत्तेवर असतो आणि तिथे अर्ज करता येत नाही. सदस्य असलेले प्राध्यापकच निवड करतात. टाऊ बीटा पाय (१८८५) अभियांत्रिकीपुरती आहे. तिच्यासाठी ज्युनियर विद्यार्थी वर्गाच्या वरच्या आठव्या हिश्श्यात, तर सीनियर वरच्या पाचव्या हिश्श्यात असावा लागतो. गुणांच्या जोडीला नेतृत्व मोजणारी ओमिक्रॉन डेल्टा कॅपा १९१४ मध्ये व्हर्जिनियात सुरू झाली. मॉर्टार बोर्ड १९१८ मध्ये सिरॅक्यूज येथे स्थापन झाली, तीही खास सीनियर विद्यार्थिनींसाठी. पदवीदानाच्या चौकोनी टोपीवरून तिला हे नाव मिळाले. विद्वत्ता, नेतृत्व आणि सेवा या तिच्या तीन कसोट्या. शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणारा कायदा १९७२ मध्ये आल्यावर ओमिक्रॉन डेल्टा कॅपाने १९७४ मध्ये स्त्रियांना आणि मॉर्टार बोर्डने १९७५ मध्ये पुरुषांना प्रवेश दिला.

नेतृत्व मोजणाऱ्या संस्थांत निवडीची सुरुवात रजिस्ट्रार कार्यालयाच्या यादीने होते. ओमिक्रॉन डेल्टा कॅपासाठी विद्यार्थी वर्गाच्या वरच्या ३५ टक्क्यांत असावा लागतो. यादीतल्यांना अर्ज पाठवतात. त्यात पदे, सेवाकार्य, शिफारसपत्र आणि छोटा निबंध मागतात. पुढचे काम चालू वर्षाच्या सदस्यांचे. ओळखीपाळखीचा प्रभाव पडू नये म्हणून संस्थेच्या महाविद्यालयांतल्या अनेक शाखा अर्जावरचे नाव झाकून क्रमांक देतात आणि प्रत्येक कसोटीला वेगळे गुण देतात. नुसती लांबलचक पदयादी पाहून गुण देणे ही नेहमीची चूक. सहा मंडळांत नाव असलेल्यापेक्षा एकच वसतिगृह वर्षभर नीट सांभाळलेला विद्यार्थी सरस ठरू शकतो, पण ते अर्जातल्या तपशिलावरूनच कळते. शिक्षणासोबत नोकरी करणारे आणि दुसऱ्या महाविद्यालयातून आलेले विद्यार्थी इथेच मागे पडतात, म्हणून नोकरी आणि घरची जबाबदारी यांसाठी अर्जात जागा ठेवणे न्यायाचे.

निवड जाहीर करण्याच्या प्रथेला ‘टॅपिंग’ म्हणतात. जुने सदस्य झगे घालून चालू तासात वर्गात शिरतात आणि निवडलेल्याचे नाव पुकारतात. पालकांना अनेकदा आधीच गुपचूप कळवलेले असते. दीक्षाविधी नंतर वेगळा होतो.

अशा शाखेचा खरा धोका म्हणजे मे महिन्यात सगळे सदस्य एकदम पदवी घेऊन निघून जातात. वसंत सत्रात निवड लांबली, तर पुढच्या वर्षी शाखेत कुणीच उरत नाही. म्हणून हिशेब, बँकेचे सह्यांचे अधिकार आणि कार्यक्रमांच्या वह्या पदाधिकाऱ्यांनी जाण्यापूर्वी समक्ष सोपवाव्यात. प्राध्यापक सल्लागार हाच काय तो टिकणारा दुवा.

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनाही अशी निमंत्रणे येतात. मात्र पैसे घेऊन केवळ प्रमाणपत्र देणाऱ्या, सारख्याच नावांच्या संस्थाही आहेत. शुल्क भरण्यापूर्वी आपल्या विद्यापीठात तिची मान्यताप्राप्त शाखा आहे का, सल्लागार प्राध्यापक कोण, गुणांची अट काय, हे विद्यार्थी कल्याण कार्यालयात विचारावे. शुल्क खऱ्या संस्थाही घेतात, त्यामुळे केवळ पैसे मागितले म्हणून निमंत्रण फेकून देऊ नये.