जलन्यूनक मिश्रके आणि फ्लाय अ‍ॅश

काँक्रीटमधील पाणी कमी करूनही त्याचा ओतण्याजोगा सैलपणा टिकवणाऱ्या रसायनांना जलन्यूनक मिश्रके म्हणतात. फ्लाय अ‍ॅश किंवा राखड म्हणजे औष्णिक वीजकेंद्रांत दगडी कोळसा जळल्यावर धुराबरोबर उडणारी आणि चिमणीपूर्वी पकडली जाणारी बारीक राख. एकाच मिश्रणात आली की ही दोन्ही कधी एकमेकांना साथ देतात, तर कधी राख रसायन पिऊन टाकते. यांपैकी काय घडेल, हे राखेच्या वजनापेक्षा तिच्यात उरलेल्या न जळलेल्या कार्बनावर अधिक अवलंबून असते.

पाणी मिसळताच सिमेंटचे कण गुठळ्या करतात आणि बरेचसे पाणी त्यांत अडकून पडते. लिग्नोसल्फोनेट व सल्फोनेटेड नॅप्थलीन फॉर्माल्डिहाइड या जलन्यूनकांचे ऋणभारित रेणू कणांवर बसून त्यांना परस्परांपासून ढकलतात. १९८० च्या दशकात जपानमध्ये वापरात आलेल्या पॉलिकार्बोक्झिलेट ईथरचे रेणू मात्र मुख्यतः आपल्या लांब शाखांमुळे कणांना जवळ येऊ देत नाहीत. या सर्व जलन्यूनकांचे रेणू प्रथम सिमेंटमधील ट्रायकॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट या घटकाकडे ओढले जातात. सिमेंटच्या काही भागाऐवजी राख घातली की हा घटक घटतो, शिवाय राखेचे काचमय, गोल कण रसायन थोडेच धरून ठेवतात. म्हणून चांगल्या राखेच्या मिश्रणाला तेवढ्याच स्लंपसाठी (साचा उचलल्यावर ओले काँक्रीट किती खाली बसते, हे सैलपणाचे माप) पाणी व रसायन दोन्ही कमी लागतात. गोल कण छर्‍यांसारखे घरंगळतात म्हणून माल सैल होतो, हे नेहमीचे स्पष्टीकरण खरे असले तरी अपुरे आहे, कारण बारीक राखेने कणांमधल्या पोकळ्या भरल्यामुळे मोकळे होणारे पाणीही त्यात मोठा वाटा उचलते.

न जळलेला कार्बन हे सारे गणित फिरवतो. तो सच्छिद्र असल्याने रसायन शोषून घेतो आणि मिश्रण अचानक कोरडे वाटू लागते. काँक्रीटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे धरून ठेवणाऱ्या मिश्रकांना तर त्याचा फटका याहून मोठा बसतो. राख तापवल्यावर तिच्या वजनात येणाऱ्या घटीवरून कार्बनाचा अंदाज बांधतात आणि भारतीय मानक ३८१२ च्या पहिल्या भागात या घटीची कमाल मर्यादा ५ टक्के आहे. मात्र ही घट कार्बनाचे वजन सांगते, त्याच्या छिद्रांचे क्षेत्रफळ नव्हे. त्यामुळे सारखीच घट असलेल्या दोन राखांची रसायनाची भूक वेगळी निघू शकते.

मिश्रकाच्या मात्रेची टक्केवारी कशावर काढायची, यावरून साइटवर हमखास घोळ होतो. घनमीटरला २८० किलो सिमेंट आणि १२० किलो राख असेल, तर ०.८ टक्के मात्रा एकूण ४०० किलोवर ३.२ किलो, पण केवळ सिमेंटवर २.२४ किलो येते. पहिल्या हिशेबाने स्वच्छ राखेचा माल पाणी सोडून खडी वेगळी पडू शकते, तर कार्बनयुक्त राखेला दुसऱ्या हिशेबाची मात्रा पुरत नाही. मग घट्ट झालेल्या मालात मिक्सरवाला पाणी ओततो आणि मिश्रक वापरण्याचा हेतूच बुडतो; अशा वेळी देखरेखीखाली मिश्रकाची दुसरी मात्रा देणे हाच योग्य उपाय आहे.

दोघांचा आणखी एक संयुक्त परिणाम म्हणजे माल उशिरा घट्ट होणे. लिग्नोसल्फोनेटमधील शर्करा जलसंयोग, म्हणजे सिमेंटची पाण्याशी होणारी अभिक्रिया, लांबवतात आणि राख सिमेंटच्या चुन्याशी सावकाश अभिक्रिया करते, त्यामुळे थंडीत फर्मे काढण्याची घाई अंगाशी येते. मोठ्या धरणात मात्र हीच संथ गती उपयोगी पडते, कारण अभिक्रियेची उष्णता हळूहळू निघते: महाराष्ट्रातील घाटघर जलविद्युत प्रकल्पातील रोलरने दाबलेल्या काँक्रीटच्या धरणांत राखेचे प्रमाण सिमेंटपेक्षा जास्त होते.

सुसंगती तपासण्याची सोपी रीत म्हणजे मार्श शंकू, म्हणजे खाली अरुंद तोंड असलेले नरसाळे. सिमेंट, राख व पाणी यांची लापशी वेगवेगळ्या मात्रांसह शंकूत भरून ठरावीक घनफळ खाली वाहून जाण्यास लागणारे सेकंद मोजतात. मात्रा वाढवूनही ज्या बिंदूनंतर वेळ फारसा घटत नाही, ती संपृक्त मात्रा. हीच मोजणी तासाभराने पुन्हा केल्यास सैलपणा किती टिकतो तेही कळते. वीजकेंद्रातील कोळसा किंवा भट्टीवरचा भार बदलला की राखही बदलते, म्हणून चाचणी प्रत्यक्ष वापरातील सिमेंटवर आणि नव्याने आलेल्या राखेवरच करावी लागते.