फोर्ट ग्रीन

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातली एक जुनी निवासी वस्ती आणि तिच्यालगतचे सुमारे ३० एकरांचे सार्वजनिक उद्यान. वस्तीआधी उद्यान आले आणि उद्यानाआधी किल्ला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ साली, जनरल नथॅनिएल ग्रीन यांच्या देखरेखीखाली येथील टेकडीवर फोर्ट पटनम बांधला गेला. लाँग आयलंडची लढाई हरल्यावर तो सोडावा लागला. पुढे ब्रिटिशांशी पुन्हा युद्ध जुंपले, तेव्हा १८१४ मध्ये त्याची डागडुजी झाली आणि त्याला ग्रीन यांचे नाव मिळाले.

किल्ला निकामी झाल्यावर टेकडी मोकळी राहावी, असा आग्रह ‘ब्रुकलिन ईगल’ या दैनिकाचे तेव्हाचे संपादक, कवी वॉल्ट व्हिटमन यांनी धरला. आसपास दाटीवाटीने राहणाऱ्या कष्टकऱ्यांना मोकळी हवा मिळावी, हा त्यांचा मुद्दा. १८४७ मध्ये उद्यानाला मंजुरी मिळाली. त्याचे पहिले नाव वॉशिंग्टन पार्क. १८६७ मध्ये सेंट्रल पार्कचे रचनाकार ओल्मस्टेड व व्हॉक्स यांच्याकडे त्याची फेरआखणी सोपवली गेली. मात्र उद्यानाचा मोठा लाभ उठवला तो सुखवस्तू लोकांनी. १८५० नंतरच्या दोन-तीन दशकांत पूर्वेला आणि दक्षिणेला तपकिरी वालुकाश्माने मढवलेल्या, उंच पायऱ्यांच्या घरांच्या रांगा उठल्या. आजही वस्तीची ओळख याच घरांवरून पटते.

उद्यानाच्या पोटात एक दफनस्थानही आहे. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी जवळच्या वॉलबाउट उपसागरात जहाजांवर कैदी डांबले होते. उपासमार आणि रोगराईने त्यांपैकी सुमारे ११,५०० जण दगावले, असा अंदाज आहे. किनाऱ्यावरच्या वाळूत उघडे पडलेले त्यांचे अवशेष आधी नौदलाच्या गोदीजवळ आणि १८७३ मध्ये येथील तळघरात आणले गेले. त्यावरचा १४९ फूट उंचीचा, डोरिक या प्राचीन ग्रीक शैलीतला स्तंभ वास्तुरचनाकार स्टॅनफर्ड व्हाइट यांच्या आराखड्याचा. १९०८ मध्ये त्याचे लोकार्पण झाले, तोवर उद्यानाला आजचे नाव मिळून काही वर्षे लोटली होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उत्तरेला, मर्टल अव्हेन्यूपलीकडे, सरकारी गृहसंकुल उभे राहिले. त्याच्या एका भागाला पुढे व्हिटमन यांचेच नाव मिळाले. दक्षिणेकडच्या घरांना मात्र उतरती कळा लागली होती. ही घरे टिकवण्यासाठी रहिवासी संघटित झाले आणि १९७८ मध्ये शहराने फोर्ट ग्रीनला वारसा क्षेत्र घोषित केले. गृहसंकुल या क्षेत्राच्या हद्दीबाहेर आहे.