राऊटरच्या टेबलावर प्लाझ्मा

गोव्यात फोंड्याजवळच्या एका सुतारशाळेत चार बाय चार फुटांचं सीएनसी राऊटर टेबल आहे, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं यंत्र. देव्हाऱ्यांच्या कमानी आणि दारांवरची वेलबुट्टी त्यावर कोरली जाते. गेल्या मे महिन्यात मालकाच्या डोक्यात आलं, याच टेबलावर पत्रा का कापू नये? गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या यांना गिऱ्हाईक बारमाही. "यंत्र तेच रे, कटर काढायचा नि प्लाझ्माची टॉर्च लावायची," तो म्हणाला. कटर खरंच पाच मिनिटांत निघाला. बाकीच्याला चवथ उजाडली.

राऊटरचा कटर लाकडाला ढकलतो आणि लाकूड उलट ढकलतं, म्हणून ते यंत्र जाडजूड, घट्ट असावं लागतं. प्लाझ्मा पत्र्याला शिवतच नाही. टॉर्चच्या तोंडाशी तांब्याचं बारीक भोकाचं नोझल असतं. त्यातून जोरात सुटणारी दाबलेली हवा विजेमुळे इतकी तापते की तिच्यातले अणू फुटून इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि हवाच वीज वाहू लागते. विजेचा हा झोत, म्हणजे आर्क, थेट पत्र्यापर्यंत पोचतो. त्याचं तापमान २०,००० अंशांच्या घरात जातं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंशांचा. लोखंड वितळतं आणि तीच हवा ते खाली उडवून लावते. युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट गेज यांना या टॉर्चचं पेटंट १९५७ साली मिळालं.

म्हणजे ताकद नको, पण वेग हवा. ३ मिलिमीटरचा पत्रा ४० अँपिअरवर मिनिटाला तीनेक मीटर वेगाने कापावा लागतो. रेंगाळलात तर खालच्या कडेला वितळलेल्या लोखंडाची कीट चिकटते, मग ग्राइंडर घेऊन बसा.

खरी मजा उंचीची आहे. कापताना नोझल पत्र्यापासून दीड मिलिमीटरवर राहायला हवं, आणि पत्रा तर तापला की पापडासारखा वाकतो. त्या उजेडात नि ठिणग्यांत कुठली मापपट्टी टिकणार? टिकतो तो आर्कच. प्लाझ्माचा पॉवर सोर्स करंट कायम ठेवतो. आर्क लांबला की तेवढाच करंट वाहायला जास्त व्होल्टेज लागतं. मिलिमीटरमागे साधारण चार ते आठ व्होल्टचा फरक. टॉर्चवरच्या शंभर-सव्वाशे व्होल्टचा फक्त पन्नासावा हिस्सा यंत्राच्या कंट्रोलरला दिला, की व्होल्ट वाढल्यावर तो टॉर्च खाली घेतो, घटल्यावर वर. मला हे फार आवडतं: कापणारी गोष्टच मापही देते.

मात्र ती फसवतेही. कोपऱ्यावर टॉर्च हळू होते, कापाची फट रुंदावते, आर्कला धातू लांब पडतो आणि व्होल्ट चढतात. कंट्रोलरला वाटतं उंची वाढली. तो टॉर्च दाबतो आणि नोझल पत्र्यावर आपटतं. आमची दोन नोझलं अशीच गेली. आता वेग उतरला की उंचीचा हिशेब तेवढ्यापुरता थांबवतो.

पुढचा वैरी गोव्याची हवा. जूनमध्ये ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली, तर घनमीटरमागे सुमारे २७ ग्रॅम वाफ. टॉर्च मिनिटाला १८० लिटरच्या आसपास हवा खाते. तासभर कापलं की कॉम्प्रेसरने जवळजवळ ३०० ग्रॅम पाणी आत ओढलेलं असतं. ७ बारला दाबून पुन्हा निवलेली तेवढी हवा त्यातलं ४० ग्रॅमच वाफ म्हणून धरू शकते. बाकीचं टाकीच्या तळाशी साचतं, आणि ड्रेन उघडला नाही तर पाइपातून टॉर्चमध्ये. तिथे आर्क जिथून सुटतो त्या इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफ्नियम या धातूचा मण्याएवढा ठिपका बसवलेला असतो. टंगस्टन याहून कितीतरी उशिरा वितळतं, तरी ते इथे चालत नाही, कारण तापलेल्या हवेत त्याचा ऑक्साइड उडून जातो. हाफ्नियमचा ऑक्साइड टिकून इलेक्ट्रॉन देत राहतो. पाण्याचे थेंब आले की तोही भराभर झिजतो.

टेबलावरचा एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याचा, पाट अर्थातच काढला. ठिणग्यांखाली तो पेटलाच असता. त्याजागी पत्र्याच्या उभ्या पट्ट्या आणि खाली पाण्याची परात. परातीवर ॲल्युमिनियम कापायचं नाही, गरम कणांची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन साठतो. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा तर शेडमध्ये घेतच नाही, जस्ताच्या धुराने ताप भरतो. टॉर्चही उच्च वारंवारतेच्या ठिणगीने पेटणारी घेतली नाही. तिच्या गोंगाटाने कंट्रोलर बावचळतो.

चवथीच्या आदल्या आठवड्यात पहिला नग कापला, वीतभर उंचीची समई. कडा पाहिली तर तिरकी, आणि आजूबाजूचा टाकाऊ पत्रा मात्र छान काटकोनात! नोझलमध्ये हवा गिरकी घेते, त्यामुळे टॉर्च ज्या दिशेने जाते तिच्या उजवीकडची कड सरळ येते, डावीकडची उतरती. बाहेरची रेघ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवायची, आतली भोकं उलट. आमची फाइल लाकडासाठी केलेली, सगळी उलट्या फेऱ्याची.

ती तिरकी समई आता कॉम्प्रेसरला टेकवून ठेवलीय. ड्रेन कधी उघडला ते मालक तिच्यावरच खडूने लिहितो.