हिरव्या चटईखालची काळी माती

मार्चच्या शेवटी अंगणातल्या कृत्रिम गवताच्या कोपऱ्यावर पाय ठेवला आणि तो घोट्यापर्यंत खाली गेला. चटईची कड उचलून पाहिली. खाली कंपाउंडच्या भिंतीला धरून एक भेग पडली होती, माझी चार बोटं आडवी मावतील एवढी रुंद. तिच्यात हातभर काठी सोडली, ती तळाला टेकली नाही.

हे गवत मी आदल्या दिवाळीनंतर स्वतःच्या हातानं अंथरलं होतं. जिथून घेतलं तिथं सांगितलं होतं, ‘जमीन सपाट करा, वर टाका, खिळे ठोका, झालं.’ पुण्या-मुंबईच्या मुरमाड जागेवर किंवा गच्चीच्या स्लॅबवर हे खपून जातं. आमचं घर लातूरचं, आणि अंगणात काळी कसदार माती. त्या वेळी मदतीला आलेल्या मिस्त्रीमामांनी मला सावध केलंही होतं. ‘सर, ही माती कुणाची होत नसती. पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात तडकती. आधी मुरूम टाका.’ खर्च वाढतो म्हणून मी ऐकलं नाही.

मुळात प्लॅस्टिकचं गवत का, हे लातूरकराला फार समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्या शहराला पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांत ज्यांनी घागरी घेऊन रांगा धरल्या, त्यांच्या हातून पुढं हिरवळीवर पाइप सोडवत नाही. माझ्या अंगणातली लॉन त्या उन्हाळ्यात गेली आणि मी ती पुन्हा लावली नाही. काही वर्षं नुसती माती होती. मग नातवंडं रांगायला लागली आणि हिरवं काहीतरी हवं असं घरात सगळ्यांना वाटू लागलं.

त्या भेगेनं मला गवताआधी मातीचा अभ्यास करायला लावला.

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टपासून झाली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हारसाचे थरावर थर साचले, तो खडक झिजून ही माती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. फ्रान्समधल्या मॉन्टमोरियों या गावावरून हे नाव पडलं. या खनिजाची रचना भाकरीच्या चवडीसारखी असते. एकेक पापुद्रा साधारण एक नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि तो तोलायला मधल्या फटींत सोडियम, कॅल्शियमचे धन आयन, म्हणजे धन भार असलेले अणू, बसलेले असतात. पाणी आलं की हे आयन पाण्याच्या रेणूंना ओढून घेतात. प्रत्येक दोन भाकरींच्या मधे पाणी शिरतं आणि सगळी चवड उंच होते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेलं की चवड खाली बसते, माती आक्रसते आणि भेगाळते. भेगा मीटरभर खोल जाणं आपल्याकडं नवं नाही. शेतकऱ्याला त्याचा उपयोगच असतो, कारण पहिल्या पावसाचं पाणी त्या वाटेनं थेट खाली जातं. अंगणावर सपाट चटई टाकणाऱ्याला मात्र ती डोकेदुखी.

आपल्या अंगणातली माती किती फुगते, हे घरच्या घरी पाहता येतं. भारतीय मानकांमध्ये यासाठी एक साधी चाचणी दिली आहे. मी तिची घरगुती आवृत्ती केली. वाळवलेली माती कुटून चहाच्या गाळणीतून चाळली. दोन सारख्या उभट काचेच्या बरण्यांत सारखीच माती घातली. एकीत पाणी ओतलं, दुसरीत रॉकेल. हलवून हवेचे बुडबुडे काढले आणि एक दिवस तशाच ठेवल्या. रॉकेलच्या रेणूंना पाण्याच्या रेणूंसारखी धन-ऋण टोकं नसतात, आयन त्यांना ओढत नाहीत, त्यामुळं त्या बरणीतली माती नुसती तळाला बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या बरणीतला थर रॉकेलच्या बरणीतल्या थराच्या जवळजवळ दीडपट उंच होता. दोन्ही थरांच्या कडेला मी खडूनं रेघा मारल्या आणि मिस्त्रीमामांना बोलावून दाखवल्या. ‘मग मी काय म्हणत होतो सर?’ एवढंच ते म्हणाले आणि मुरमाचा हिशेब करायला बसले.

मामांचा मुरूम म्हणजे फक्त गवंडीकामातली सवय नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण धरून राहणाऱ्या मातीचा थर देण्याचं तंत्र विकसित केलं. कालव्यांच्या अस्तरांखाली आणि बांधकामांखाली ते वापरलं जातं. अशा थरासाठी चांगला मुरूम चालतो. कालव्याखाली हा थर मीटरभर जाडही लागतो. अंगणात तेवढं खोदायला कुणी सांगणार नाही. गवतावर ना भिंत उभी आहे ना ट्रक. वरचा थर आक्रसला तरी पृष्ठभाग एकदम खचू नये, एवढंच आपल्याला हवं असतं.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही नऊ इंच माती काढली. तळात सहा इंच मुरूम, त्यावर दोन इंच बारीक खडी, त्यावर इंचभर कच, म्हणजे दगडाची बारीक चुरी. मुरूम एकदम ओतायचा नाही. तीन-तीन इंचांचे थर द्यायचे, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मस मारायची. पाणी किती? मूठभर मुरूम दाबला तर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. थोडं पाणी कणांना एकमेकांवर सरकवून घट्ट बसवतं; जास्त झालं की पाणीच कणांमधली जागा अडवतं आणि धुम्मस कितीही मारली तरी थर हलत राहतो. या कामात दीड दिवस गेला. गवत अंथरायला अर्धा दिवसही लागला नाही. माझ्या मते हे प्रमाण असंच असायला हवं. जो माणूस दोन तासांत सगळं करून देतो म्हणतो, तो खालचं काम सोडून देणार आहे.

ढाळ विसरू नका. गवताच्या पाठीला छिद्रं असतात, त्यातून पाणी सहज उतरतं; पण खाली फुगलेली काळी माती असेल तर ती पाणी पुढं जाऊ देत नाही. फटी मिटल्या की ही माती जवळजवळ बंद होते. म्हणून कच पसरतानाच घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दर मीटरला एक सेंटिमीटर ढाळ द्यायचा. लेव्हल पाइपमध्ये पाणी भरून दोन टोकांना खुणा केल्या की हे अचूक जमतं. ढाळाच्या टोकाला आम्ही शोषखड्डा घेतला आणि तो काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली नेला. काळ्या मातीतच थांबलेला शोषखड्डा पावसाळ्यात नुसता हौद होऊन बसतो.

मुरूम आणि काळी माती यांच्या मधे जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड घालावं. त्यामुळं पावसाळ्यात चिखल वर मुरमात घुसत नाही. गाजरगवताचं बी खालून उगवून येणंही त्यानं थांबतं. लव्हाळ्याचं मात्र सांगता येत नाही. त्याच्या कोंबाचं टोक सुईसारखं टणक असतं आणि ते प्लॅस्टिकच्या आच्छादनातूनही वर येतं. खोदताना लव्हाळ्याच्या गाठी दिसतील तेवढ्या वेचून काढा. फावड्यानं तुटलेल्या साखळीतली प्रत्येक गाठ नवं रोप देते.

गवत अंथरण्याचं काम सोपं आहे. गुंडाळी उघडून दोन-तीन तास उन्हात पडू द्यायची, म्हणजे गुंडाळलेलं प्लॅस्टिक मोकळं होतं आणि कडा वर येत नाहीत. गवताला साडीच्या मखमलीसारखी लव असते. दोन पट्टे शेजारी घेताना दोन्हींची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर एक पट्टा गडद आणि एक फिका दिसतो. कापायचं ते पाठीकडून, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून. सांध्याखाली पट्टी आणि डिंक. शेवटी कोरडी, धुतलेली सिलिका वाळू पसरून खराट्यानं लवेच्या उलट दिशेनं झाडायची. वाळू पात्यांच्या बुडाशी जाऊन बसते, पाती उभी राहतात आणि वजनामुळं चटई वाऱ्यानं किंवा उष्णतेनं सरकत नाही. नदीची वाळू वापरू नका. तिच्यातला गाळ पाण्याची छिद्रं बुजवतो.

आता उन्हाविषयी, कारण मराठवाड्यात खरी परीक्षा तिथंच आहे.

दोनशे चौरस फूट खऱ्या हिरवळीला आपल्या उन्हाळ्यात दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी धरलं, तर रोज नव्वदेक लिटर होतात. उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत नऊ हजार लिटर, म्हणजे जवळपास दोन टँकर. हे पाणी वाचलं म्हणून आपण खूश होतो. पण गवत त्या पाण्याचं काय करत होतं, ते पाहा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. नव्वद लिटरचा हिशेब वीजबिलातल्या युनिटमध्ये मांडला तर साठ युनिट होतो. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीनं साडेअकरा तास चालून खोलीतून जेवढी उष्णता बाहेर काढेल, तेवढी उष्णता ती हिरवळ रोज पाण्याबरोबर उडवून देत होती. आपली आजी संध्याकाळी अंगणात सडा टाकायची, त्यामागे हेच विज्ञान. माठातलं पाणी गार होतं तेही यामुळंच.

प्लॅस्टिकचं पातं घाम गाळत नाही. पॉलिइथिलिनचा तो धागा ऊन शोषतो आणि तापत राहतो. अमेरिकेतल्या यूटा राज्यात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या कृत्रिम मैदानावर २००२ मध्ये मोजमाप झालं. तापलेल्या मैदानावर पाणी मारलं तेव्हा पृष्ठभाग ७९ अंश सेल्सिअसवरून २९ अंशांवर आला. पाच मिनिटांत तो पुन्हा ४९ झाला आणि वीस मिनिटांत ७३. तेव्हा उन्हाळ्यात दुपारी प्लॅस्टिकवर पाइप धरून थंडावा मिळवायचा विचार सोडून द्या. वाचवलेलं पाणीही जातं आणि थंडावाही टिकत नाही. आपल्या कातडीतल्या ज्या संवेदकाला चटका कळतो, तो साधारण ४३ अंशांना जागा होतो. त्या शोधासाठी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. आमच्याकडं मे महिन्यात हवाच त्या आकड्याच्या आसपास असते. उघड्यावरच्या गवतावर रांगणाऱ्या लेकराचे तळहात किती तापतील, याचा विचार अंथरण्याआधी करायचा असतो.

या गवताचा इतिहासही हेच सांगतो. ते आधी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात मोझेस ब्राउन शाळेच्या बंदिस्त क्रीडागृहात अंथरलं गेलं. मग १९६६ मध्ये ते ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये आलं आणि ॲस्ट्रोटर्फ या नावानं गाजलं. त्या स्टेडियमला पारदर्शक छत होतं. उजेडानं खेळाडूंचे डोळे दिपायचे म्हणून छत रंगवलं, आणि प्रकाश तुटल्यामुळं आतलं खरं गवत मेलं. जिथं ऊन पोचत नाही तिथली गरज म्हणून ही वस्तू प्रसिद्ध झाली. आपण ती बीड-परभणीच्या उघड्या उन्हात टाकतो.

म्हणून दुसऱ्या वेळी मी जागा बदलली. आता गवत फक्त घराच्या उत्तरेला, कडुलिंबाच्या सावलीत आहे. दक्षिणेचा उघडा भाग हरळीला दिला. हरळी पाणी तुटलं की पिवळी पडून निजते, मुळं खाली जिवंत राहतात, आणि मृगाच्या एका पावसानं आठवड्यात हिरवी होते. उन्हाळ्यात ती हिरवी दिसत नाही, पण घरात कुणालाही आता त्याचं वाईट वाटत नाही. आई तिथूनच दूर्वा खुडते.

सावलीचा दुसरा फायदा टिकण्याचा. उन्हातली अतिनील किरणं प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडतात. कंपन्या त्यासाठी स्थिरक, म्हणजे ही तुटणी लांबवणारी रसायनं, मिसळतात, पण तेही कालांतरानं संपतात. मग पातं बोटांत चुरडलं की कुसासारखं तुटतं. ते तुकडे वाऱ्यानं आणि पावसानं नालीत, नालीतून ओढ्यात जातात. युरोपीय संघानं २०२३ मध्ये मुद्दाम मिसळल्या जाणाऱ्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर नियम केला, त्यात कृत्रिम मैदानांवरच्या रबरी दाण्यांनाही आठ वर्षांची मुदत देऊन बंदी घातली. घरच्या बागेत रबरी दाणे कुणी देऊ केले तर घेऊ नका, सिलिका वाळू पुरते. आणि जुनं झालेलं गवत जाळू नका. पातं एका प्लॅस्टिकचं, पाठ दुसऱ्याचं, वर लेटेक्सचा थर, असं एकात एक चिकटलेलं असल्यामुळं ते वेगळं करून पुन्हा वापरणंही अवघड. तेव्हा मुळातच जेवढं लागेल तेवढंच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात कुत्रं असेल तर आणखी एक गोष्ट. मातीतले जिवाणू मूत्रातला युरिया फोडून पचवतात, ते काम चटईवर होत नाही. आठवड्यातून एकदा त्या जागेवर बादलीभर पाणी ओतावंच लागतं.

भिंतीकडची कड मी मुद्दाम डिंकानं चिकटवलेली नाही, फक्त खिळ्यांवर ठेवली आहे. होळी झाली की खिळे काढतो, कड उचलतो आणि खाली हात घालून पाहतो. यंदा मुरमाच्या थराला बोटभर भेग होती. अर्धं घमेलं कच तिच्यात गेली. मामांनी वरून धुम्मस मारली, कड पुन्हा खाली बसवली आणि नातवानं त्यावरून दोनदा धावत जाऊन पाहिलं.