जुनी बोट विकून नवी घेताय? अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

नव्या बोटीच्या नोंदणीचे अर्ज परत येतात, ते बहुतेक वेळा जुन्या बोटीमुळे. नवीचे कागद डीलर फाइलला लावून देतो. जुनीचे कागद मात्र कोणाकडेच पूर्ण नसतात, आणि त्रुटी तिथेच निघते.

कार्यालय, फी आणि अर्जाचा नमुना देशागणिक बदलतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, बांधणाऱ्याचा दाखला, खरेदीची पावती आणि कर भरल्याचा पुरावा जवळपास सगळीकडे मागतात. त्यात फारसं कोणी अडकत नाही.

अडकतात ते मालकीच्या साखळीत. पहिली बोट स्वस्तात, तिसऱ्या-चौथ्या हाताने घेतलेली असते. व्यवहार धक्क्यावर उभ्या उभ्या, एका चिठ्ठीवर झालेला. मधल्या एखाद्या मालकाने आपलं नाव लावलेलंच नसतं. मग नोंदवहीच्या दृष्टीने बोट अजून त्याच्या आधीच्या माणसाची, आणि ती विकायचा तुमचा अधिकार कागदावर सिद्ध होत नाही. गिऱ्हाईक दारात उभं असताना हे कळलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो: नव्या बोटीची अनामत भरण्याआधी जुनीचा नोंदवहीतला उतारा काढा. मधलं विक्रीपत्र सापडत नसेल तर विम्याचे जुने कागद, धक्क्याच्या भाड्याच्या पावत्या आणि पैसे दिल्याचा पुरावा गोळा करा, आणि एवढ्यावर भागेल का हे कार्यालयाला लेखी विचारा. खिडकीवरच्या तोंडी उत्तराच्या भरवशावर राहू नका. पुढच्या खेपेला खिडकीत दुसराच माणूस असतो.

बोट दोघांच्या नावावर असेल तर विक्रीपत्रावर सहसा दोघांच्या सह्या लागतात. कर्ज फिटलं म्हणजे बोजा उतरला असंही नाही. कर्ज देणाऱ्याचा मुक्तता दाखला नोंदवहीत चढेपर्यंत बोट गहाणच दिसते. हप्ते संपून वर्षं झाली तरी हा कागद मागून घेतलेले लोक थोडेच.

जुनी बोट डीलरलाच बदल्यात दिलीत, तरी ती विकल्याचं कार्यालयाला कळवायची जबाबदारी सहसा तुमचीच राहते. ‘डीलर बघून घेईल’ यावर विसंबू नका. उद्या ती बोट कुठे बुडाली किंवा बेवारस सापडली, तर पत्र नोंदीत नाव असलेल्या माणसालाच येतं. कळवल्याची पोच जपून ठेवा.

आता नव्या बोटीतली एकच, पण हमखास होणारी चूक: बांधणीचं वर्ष. बोटीच्या मागच्या फळीवर उजव्या हाताला हल नंबर, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो, देशाची अक्षरं धरून १४ खुणांचा. त्यातली शेवटची चार चिन्हं ‘सी४२५’ असतील, तर ‘सी’ म्हणजे मार्च, ‘४’ म्हणजे २०२४ आणि ‘२५’ म्हणजे मॉडेलचं वर्ष २०२५. अर्जदार बांधणीच्या रकान्यात २०२५ लिहितात, बांधणाऱ्याच्या दाखल्यावर २०२४ असतं, आणि एवढ्यावरून अख्खी फाइल परत येते. एका अंकासाठी माणसाला पुन्हा रांगेत उभं करणं मला पटत नाही, पण तसंच होतं. नंबर बोटीवरून स्वतः उतरवून घ्या आणि दाखल्याशी ताडून पाहा.

नोंदणीच्या अर्जाच्या मुदतीचाही घोटाळा होतो. लोक बोट पाण्यात उतरवल्यापासून दिवस मोजतात. कार्यालयं साधारणपणे मालकी बदलल्याच्या दिवसापासून, म्हणजे विक्रीपत्रावरच्या तारखेपासून मोजतात. बोट हातात यायला वेळ असेल तर त्या कागदावर कोणती तारीख पडते, हे सही करण्याआधी बघा.

शेवटी रेडिओ. नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे रेडिओवर बोट ओळखण्याचा क्रमांक, बोटीला दिलेला असतो. जुना संच काढून नव्या बोटीत बसवला तर जुना क्रमांक सोबत येतो, आणि बऱ्याच संचांत तो वापरणाऱ्याला एकदाच किंवा दोनदाच भरता येतो; त्यानंतर संच कंपनीकडे पाठवावा लागतो. ४०६ मेगाहर्ट्झच्या ईपर्बची, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत इशारा पाठवणाऱ्या यंत्राची, नोंदही त्याच आठवड्यात बदला. ते सुरू झालं की बचाव केंद्रासमोर नोंदीतलं वर्णन उघडतं. तिथे विकलेली बोट आणि तिचा जुना रंग असेल, तर तुम्हाला शोधायला निघालेल्यांच्या हातात चुकीचं वर्णन असेल. नोंदीत घरच्या माणसाचा चालू फोन नंबरही आहे ना, तेही तपासा.