पोकर शिकणं आणि टेबलावर निर्णय घेणं

पोकरचे नियम अर्ध्या तासात कळतात, पण कुठल्या पानांवर किती लावायचं आणि कधी पानं टाकून द्यायची हे कळायला वर्षं जातात, आणि या दुसऱ्या भागालाच स्ट्रॅटेजी म्हणतात. सगळ्यात जास्त खेळला जातो तो टेक्सास होल्डेम. ५२ पानांचा कॅट, प्रत्येकाला दोन झाकलेली पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच, त्यातली पहिली तीन एकदम उघडतात तो फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर. सात पानांतली बेस्ट पाच धरायची. दोन पानांच्या १३२६ जोड्या होऊ शकतात आणि हातात एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदाच येते, त्यामुळे बहुतेक डावांत मध्यम ताकदीच्याच पानांवर विचार करावा लागतो.

आपल्याकडचा माणूस पोकरला येतो तो तीन पत्तीतून. चवथीला गणपतीसमोर रात्र जागवताना गोव्यात घराघरात पत्ते पिसले जातात, तिथलीच सवय घेऊन तो येतो आणि पहिला मार खातो तो क्रमवारीत. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीनं आलेली पानं) कलरला (सगळी पानं एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम वगैरे) मारतो, पोकरमध्ये बरोबर उलटं. कारण साधं आहे, जे कमी वेळा येतं ते मोठं. तीन पानांचे २२,१०० हात होतात, त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १०९६. पाच पानांवर गेलात की साधे सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. दुसरी सवय ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता, चाल लावत राहायची. तीन पत्तीत त्यात मजा आहे, पोकरमध्ये तीच पैसे घालवते.

आता खरा मुद्दा, एका डावावरून सांगतो. तुमच्या हातात बदाम एक्का आणि बदाम दश्शी. फ्लॉपला बदाम राजा, बदाम सत्ती, इस्पिक तिर्री, टर्नला किलवर दुर्री. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या पैशांत, २००० आहेत, समोरचा १००० लावतो. म्हणजे तुम्हाला १००० टाकून ३००० जिंकायचेत, चार वेळांतून एकदा जरी जिंकलात तरी बरोबरी, म्हणजे २५ टक्के लागतात. तुमचे चार बदाम झालेत, पाचवा आला की कलर. न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९, म्हणजे साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास, कमी पडले. पण त्याच्याकडे नुसती राजाची जोडी असेल तर उरलेले तीन एक्केही तुमच्याच कामाचे, मग १२ पानं, २६ टक्के, आणि कॉल, म्हणजे तेवढेच पैसे टाकून डावात राहणं, बरोबर ठरतो. त्याच्याकडे तीन सत्त्या असतील तर एक्का येऊन काही उपयोग नाही. म्हणजे प्रश्न तुमच्या पानांचा राहिलाच नाही, हा माणूस राजाच्या जोडीवर १००० लावेल का हा आहे, आणि त्याचं उत्तर मागच्या तासाभरात तो कसा खेळला ते बघितलं असेल तरच मिळतं. बदाम आल्यावर तो अजून पैसे देईल असं वाटत असेल तर तेही हिशोबात धरायचं. त्यानं १००० ऐवजी २००० लावले असते तर ३३ टक्के लागले असते, तिथे मी तरी बहुतेक वेळा पानं टाकतो.

आणि हा कॉल बरोबर असूनही तुम्ही चारातून जवळजवळ तीनदा हरणार. इथेच लोक तुटतात. निकाल बघून निर्णयाला चांगला-वाईट म्हणणं ही शिकणाऱ्याची सगळ्यात महागडी चूक आहे असं मला मनापासून वाटतं. एकाकडे एक्क्यांची जोडी, दुसऱ्याकडे राजांची आणि सगळे पैसे मधे गेले तरी राजे साधारण १८ टक्के वेळा जिंकतात, हे माहीत असूनही माणूस चिडतो आणि पुढचे दहा डाव कसलीही पानं खेळतो, त्याला टिल्ट म्हणतात. तेव्हा उठून जायचं, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही. मी एक वही ठेवतो, त्यात पॉट किती, किती मागितले, समोरच्याकडे काय असेल वाटलं आणि मी काय केलं, एवढंच लिहितो. कोण जिंकलं त्याचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. आठवड्यानं वाचलं की चूक तिथेच दिसते, बहुतेक वेळा "वाटलं" च्या रकान्यात.

बाकी टेबलावरच्या जागेचं महत्त्व आहे, ज्याची पाळी सगळ्यात शेवटी येते त्याला जास्त माहिती मिळते म्हणून तो जास्त हात खेळू शकतो. गणिताची बाजू तर मशीननी फारच पुढे नेलीय, २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या लोकांनी दोन जणांचा लिमिट होल्डेम, म्हणजे किती लावायचं ते ठरलेलं असतं तो प्रकार, जवळजवळ पूर्ण सोडवला, २०१९ मध्ये प्लुरिबस नावाच्या प्रोग्रामनं सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवलं.

गोव्यात हे सगळं मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींशी जोडलं जातं. १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ ला पंचतारांकित हॉटेलांसाठी मशीनच्या खेळांची सूट आली आणि १९९६ ला बोटींवरच्या टेबलांना परवानगी आली. २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांनाही बंदी, त्यामुळे टेबलावर पुणे, कोल्हापूर, मुंबईचे पाहुणे दिसतात. पोकरमध्ये घराविरुद्ध, म्हणजे कॅसिनोविरुद्ध, खेळत नाही, आपापसात खेळतो, पण घर पॉटमधून आपला वाटा काढतंच, तेव्हा सारख्या तोडीचे सगळे बसले तर शेवटी सगळेच थोडे थोडे हरतात. शिकायला ती जागा नव्हे. २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैशांचं ऑनलाइन पोकरही बंद झालं.

आम्ही बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसून शिकलो, पैशांऐवजी काजूबियांवर, मे महिन्यात जमवून सुकवलेल्या. सगळ्यात उपयोगी पडलेला सराव असा: वरचाच डाव, दोघांची पानं उघडी, समोर राजाची जोडी, तुमच्याकडे बदामाचा ड्रॉ (कलरला एकच बदाम कमी), आणि फक्त रिव्हर परत परत काढायचं, वीस वेळा, दर वेळी उरलेला कॅट पिसून. बदाम आला की एक बी बाजूला. हिशोबानं वीसात चार यायला हव्यात. पहिल्या फेरीत आमच्या सात झाल्या, दुसऱ्या फेरीत एकच, आणि धाकटा भाऊ म्हणायला लागला की पत्ते नीट पिसले नाहीत. मग अजून आठ फेऱ्या काढल्या, पाऊस थांबेपर्यंत, आणि दोनशे वेळांच्या शेवटी बिया मोजल्या तर त्रेचाळीस.